गाडी खाली बसवून मिळेल

बाकीच्या गॅरेजमध्ये लोक बिघडलेली गाडी आणतात आणि चांगली करून नेतात. आमच्याकडे उलटं होतं. धडधाकट, कधीकधी सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली गाडी लोक आणायचे आणि म्हणायचे, हिची वाट लावून द्या. आम्ही लावायचो. अगदी मन लावून, आणि जमेल तितकी सुबक.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आग्रा रोडपासून जरा आत आमची पत्र्याची शेड होती. मी आणि इस्माईलभाई, दोघांची भागी. चाकं, ब्रेक, स्प्रिंगा हे माझं खातं. इस्माईलभाई डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारा. हातोड्याच्या आवाजावरून पत्रा कुठे ताणलाय ते त्याला कळायचं, आणि गिऱ्हाईक कुठे ताणलंय ते चेहऱ्यावरून.

त्याच सुमाराला दिल्लीकडून ती नवी चिमुकली गाडी आली. उड्डाण करणाऱ्या देवाचं नाव असलेली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि हातात आली की तिला सरपटायला लावायला आमच्याकडे आणायचे. देवाला काय वाटत असेल देव जाणे.

ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी चाकांवर बसत नाही, स्प्रिंगांवर बसते. पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा, मागे एकावर एक रचलेले कमानदार लोखंडी पाटे. खड्डा आला की हे दबतात आणि धक्का पोटात घेतात. गाडी खाली बसवायची म्हणजे पुढच्या स्प्रिंगांची वेटोळी कापायची आणि मागच्या पाट्यांची कमान ठोकून सपाट करायची. मग गाडी रस्त्याला चिकटून बसते. दिसायला झकास. पण जो धक्का आधी स्प्रिंग खायची तो आता मालकाचं कंबरडं खातं. त्याच्या जोडीला रुंद चाकं. ती मडगार्डला घासतात, म्हणून मडगार्डची कड आतून ठोकायची. एकूण काय, इंजिनिअर लोकांनी डोकं लावून जे जे केलेलं असतं ते ते मागे घ्यायचं.

माझे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. त्यांना हा धंदा समजावून सांगणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

‘स्प्रिंग कापतंस?’

‘हो.’

‘कित्याक? मोडली?’

‘नाही.’

‘मगे?’

हा ‘मगे’ खरं तर गिऱ्हाइकांना विचारायला हवा होता. मुलुंडचे एक हाडांचे डॉक्टर होते. दवाखान्यात बसून जगाला सांगायचे, मऊ गादीवर झोपू नका, धक्के टाळा, वाकू नका. त्यांनी स्वतःची गाडी आमच्याकडून इतकी खाली करून घेतली की तिच्यात शिरायला आधी डोकं, मग खांदा, मग बाकीचा डॉक्टर असं हप्त्याहप्त्याने जावं लागायचं. थोड्या दिवसांनी तेच कमरेला पट्टा बांधून आले. म्हटलं, ‘डॉक्टर, वर करू का?’ तर म्हणाले, ‘नको रे, सवय होईल.’ बोरिवलीच्या एका गृहस्थाला चाकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली हवी होती. आली. पण मग गाडी सोसायटीच्या फाटकातून आत जाईना. सोसायटीने मीटिंग घेतली आणि ठराव केला, फाटक बदलणार नाही, वाटल्यास सभासदाने सोसायटी बदलावी.

अशी माणसं आम्ही पुष्कळ बघितली. पण ज्याच्यामुळे आमची सगळी गल्ली रस्त्यावर आली तो एकच, प्रभाशेठ.

प्रभाकर घाडगे हे त्यांचं नाव. आमच्या भागातले रस्त्यांचे कंत्राटदार. पांढरा सफारी, गळ्यात चेन, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. पाऊस सरला की प्रभाशेठ रस्ता करायचे, पाऊस आला की तो रस्ता जायचा, आणि पाऊस सरला की ते पुन्हा करायचे. शेतकऱ्याला जसा हंगाम, तसा त्यांना. आणखी एक इच्छा मनात होती. पुढेमागे वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायचं. त्यामुळे ते रस्त्यातल्या कुत्र्यालाही नमस्कार करायचे.

एके दिवशी सकाळी ते कोरी लाल गाडी घेऊन आमच्या शेडमध्ये शिरले. डिकीतून गोणपाट काढलं आणि जमिनीवर उपडं केलं. आत चार चाकं. चांदीसारखी चमकणारी, मधे ताऱ्यासारखी नक्षी.

‘मेव्हण्याने दुबईहून आणली,’ प्रभाशेठ म्हणाले. ‘विमानातून.’

‘चारही?’

‘दोन खेपांत. मन्या, ही बसवायची. आणि गाडी खाली घ्यायची.’

‘किती?’

ते वाकले. गाडीच्या पोटाखाली आधी उभा पंजा धरला, मग तो आडवा केला. ‘एवढी.’

‘शेठ, पंजाचं ठीक आहे. पण खाली इंजिनचं चेंबर असतं. सगळं ऑइल त्यात. रस्त्यात उंचवटा आला की पहिलं तेच लागणार. आणि आपल्याकडचे रस्ते म्हणजे...’

‘रस्त्यांचं मला सांगतोस? रस्ते मी बनवतो.’

‘म्हणून तर विचारलं.’

इस्माईलभाईने तोंड फिरवलं आणि समोर पडलेल्या एका सरळ मडगार्डवर विनाकारण हातोडा मारायला सुरुवात केली.

प्रभाशेठला टोमणा कळला नाही, किंवा कळून त्यांनी गिळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अरे, माणूस ओळखला जातो तो गाडीवरून. लांबून गाडी दिसली की लोकांनी म्हटलं पाहिजे, प्रभाशेठ आले.’

ते गेल्यावर इस्माईलभाई म्हणाला, ‘मन्याभाय, इसको गाडी नहीं, चटई चाहिए.’

काम सोपं नव्हतं. दुबईची चाकं कुठल्या तरी भलत्याच गाडीची. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक जिथे आवळतात तिथे, बोल्ट जेवढ्या अंतरावर, तेवढ्या अंतरावर चाकांना भोकंच नाहीत. मग मरोळच्या इस्टेटीतल्या एका लेथवाल्याकडून जाड पोलादी तबकड्या कातून घेतल्या. एका बाजूने त्या हबवर बसतील, दुसऱ्या बाजूने चाक त्यांच्यावर. पुढच्या स्प्रिंगा मी करवतीने कापल्या. गॅसने कापणारे महाभाग असतात, पण आच लागली की स्प्रिंगचा जीव जातो आणि मग ती भर रस्त्यात मान टाकते. पाटे खोलून, ठोकून सपाट केले. इस्माईलभाईने मडगार्डची कड आत घेतली, आणि बाहेरच्या रंगावर केसाएवढी चीर नाही.

गाडी जॅकवरून खाली उतरवली तेव्हा आम्ही दोघं लांब जाऊन उभे राहिलो. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. शेजारचा टायरवाला, पलीकडचा इराणी, बसच्या रांगेतली माणसं, सगळी येऊन बघून गेली. कामाचा अर्थ काय हे विचारू नका, पण काम चोख होतं. ते समाधान मला त्या धंद्याने भरपूर दिलं, आणि त्याचंच कधीकधी वाईट वाटतं. एवढा हात चांगला होता, तर तो कशावर चालवला?

प्रभाशेठनी गाडीपुढे नारळ फोडला. करवंटीचा एक तुकडा उडून गाडीखाली गेला आणि तिथेच अडकला. तो काढायला मला रस्त्यावर पालथं झोपावं लागलं. मग गळ्यात हार, शेजारी मेव्हणा, मागे वहिनी आणि त्यांच्या दोन बहिणी अशी सगळी मंडळी भरून गाडी निघाली.

अर्ध्या तासात परत आली. टेम्पोला बांधून.

काय झालं ते समजायला आमच्या उताराचं सांगायला हवं. टेकडीवर प्रभाशेठचं घर. तिथून एक रस्ता खाली येतो. त्याच्या मध्यावर शाळा. वरून येणाऱ्या गाड्या पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून सुसाट सुटायच्या. वर्षभरापूर्वी एका टेम्पोची धडक लागून आमच्या चाळीतल्या मुलीचा पाय मोडला होता. तेव्हा माझी बायको सुनंदा आणि चाळीतल्या बायका उठल्या. माझी मुलगीही त्याच शाळेत. या बायकांनी अर्ज दिले, खेटे घातले, पालिकेच्या साहेबांच्या केबिनबाहेर डबे उघडून जेवल्या, तेव्हा कुठे शाळेसमोर गतिरोधक मंजूर झाला.

त्याचं काम कोणाला मिळालं? प्रभाशेठना. आणि त्यांनी तो कसा बांधला? शेताचा बांध घालतात तसा. ना उतार, ना गोलाई. नुसता डांबर-खडीचा ढीग. सायकलवाले उतरून जायचे. पण मुलं वाचत होती, म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

त्या बांधावर प्रभाशेठची गाडी चढली. पुढची चाकं गेली आणि चेंबर बसलं. तिथून आमच्या गॅरेजपर्यंत रस्त्यावर ऑइलची काळी रेघ.

चेंबर काढून मी त्यांना दाखवलं. डाळिंबासारखं फुटलं होतं.

‘कोणी बांधला रे तो ब्रेकर?’ प्रभाशेठ खेकसले.

मेव्हणा आकाशाकडे बघायला लागला.

‘शेठ, थोडी वर घेऊ या,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्या स्प्रिंगा आहेत माझ्याकडे. चाकं हीच राहतील, कोणाला कळणारसुद्धा नाही.’

‘वेडा झालास? सगळ्या घाटकोपरने बघितलीय गाडी. आता वर केली तर म्हणतील, प्रभाशेठ घाबरला.’ मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘गाडी कशाला वर करायची? रस्ता खाली करू.’

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतायत.

दोन दिवसांनी सकाळी सुनंदा शेडमध्ये आली. ती गॅरेजमध्ये कधी यायची नाही, साडीला ग्रीस लागतं म्हणून. त्या दिवशी ती ग्रीस तुडवत आली.

‘ब्रेकर गेला.’

‘कुठे गेला?’

‘कुठे गेला म्हणजे? फिरायला गेलाय का? प्रभाशेठची माणसं आली, पहार घातली, खरवडून नेला. मी विचारलं तर म्हणाले, वरून ऑर्डर आहे. हे सगळं तुमच्या त्या घोरपडीसाठी.’

‘माझी कुठे आहे? त्यांची आहे.’

‘खाली कोणी बसवली?’

‘गिऱ्हाईक सांगेल ते करावं लागतं गं.’

‘हो ना? उद्या गिऱ्हाईक म्हणालं शाळा आडवी येतेय, तर शाळेची कमान ठोकून सपाट करा.’

इस्माईलभाई हातातला हातोडा खाली ठेवून म्हणाला, ‘भाभी सच बोलती है.’ मला त्या दोघांचाही राग आला. पण शाळा सुटायच्या वेळेला मी उतारावर जाऊन उभा राहिलो.

शाळेच्या फाटकाशेजारी शेवंतामावशी बोरं, आवळे आणि चिंच विकायला बसायची. मालवणकडची, आमच्या आईच्या गावची. जिभेला हाड नाही आणि मनात पाप नाही. घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेर आला, त्यात माझी मुलगी. त्याच वेळी वरून एक टेम्पो इंजिन बंद करून आला. पूर्वी ब्रेकरच्या धाकाने ही मंडळी वरच्या वळणावरच ब्रेक दाबायची. आता धाक नव्हता. ड्रायव्हरला मुलं दिसली तेव्हा तो पार जवळ आला होता. त्याने ब्रेक मारला, टेम्पो आडवा घसरला. मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. मुलं गटाराकडे उड्या टाकत होती. माझ्या मुलीला कोणी तरी दप्तराला धरून मागे खेचलं. टेम्पो फाटकाच्या भिंतीला घासत गेला आणि मावशीच्या टोपल्यांवर चढून थांबला.

मावशीनेच ओढलं होतं तिला. टोपल्या सोडून ती उठली होती, म्हणून स्वतःही वाचली. रस्ताभर बोरं सांडलेली, आणि मुलगी रडत रडत ती गोळा करतेय. मी तिला उचललं, बोरांसकट. गाड्यांची चाकं, स्प्रिंगा, पाटे यांच्यात सगळा जन्म गेला, पण गाडी म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी बायका प्रभाशेठच्या ऑफिसात गेल्या. मीही मागून गेलो. प्रभाशेठनी सगळ्यांना कोल्ड्रिंक मागवलं. ‘माझ्या हातात असतं तर आत्ता बांधून दिला असता, ताई,’ ते सुनंदाला म्हणाले. ‘पण वरून ऑर्डर आहे.’

‘वर कोण?’ सुनंदाने विचारलं.

‘वरच्या लेव्हलला.’

‘दाखवा ऑर्डर.’

‘तोंडी आहे.’

शेवंतामावशीने कोल्ड्रिंकची बाटली टेबलावर आपटली. ‘शेठा, तुजी गाडी जमिनीर लोळता, ती उभी रवाक व्हयी म्हणान आमची पोरां आडवी घालतंस?’

प्रभाशेठ हसले. ‘मावशी, तुमचं मालवणी फार गोड.’

बायका बाहेर आल्या. जिन्यावरच सुनंदा म्हणाली, ‘आपणच बांधू.’

रविवारी भर दुपारी चाळ कामाला लागली. कोणाच्या घरचं उरलेलं सिमेंट, कोणाच्या मोरीच्या फुटलेल्या लाद्या, नाल्याकाठची खडी. बायका घमेली उचलत होत्या आणि नवरे ती कशी उचलावीत ते सांगत होते. सुनंदा माझ्याजवळ आली.

‘पुन्हा खरवडून नेतील. आत काहीतरी घालायला पाहिजे. लोखंड आहे का तुमच्याकडे?’

लोखंड? आमच्या शेडच्या मागे गाड्या-ट्रकांतून काढलेल्या पाट्यांचा आणि स्प्रिंगांचा डोंगर होता. भंगारवाल्याला द्यायचं म्हणून ठेवलेला. इस्माईलभाई आणि मी हातगाडी भरभरून आणली. ट्रकचे जुने पाटे रस्त्यात आडवे बसवले, खाली खुंट्या ठोकल्या, आणि वरून सिमेंट. उतार मी स्वतः आखला. दोन्ही बाजूंनी लांब, हळूहळू चढणारा. रिक्षा, स्कूटर, साधी गाडी, सगळं हळू घेतलं तर आरामात जाईल. सुसाट आलं तर दात वाजतील. आयुष्यात गाडीच्या खाली पुष्कळ कामं केली, पण रस्त्यावर केलेलं ते एकच. वर चुन्याचे पट्टे मुलांनी ओढले. वाकडे ओढले, पण लांबून दिसत होते.

सिमेंट वाळेपर्यंत बायकांनी पाळ्या लावून रस्ता राखला.

नंतरच्या आठवड्यात प्रभाशेठच्या नव्या रस्त्याचा शुभारंभ होता. टेकडीवरच्या घरातून ते निघाले. नवं चेंबर टाकलेलं, चाकं पुसून लखलखीत, आत सगळे नातेवाईक. शाळेसमोर येऊन गाडी थांबली. प्रभाशेठ उतरले, खाली वाकले, गाडीचं पोट बघितलं, ब्रेकर बघितला. त्यांच्या लक्षात आलं. साधी गाडी गेली असती. यांची जाणार नव्हती. मधलं अंतर मी कापून ठेवलं होतं.

मेव्हण्याने दोन मजूर पाठवले. एकाने पहार उचलून दणका दिला. वरचं सिमेंट उडालं, पहार पाट्यावर बसली आणि अशी उसळली की मजूर मागच्या मागे बसला. स्प्रिंगचं पोलाद ते. धक्के खाण्यासाठीच जन्माला आलेलं. दुसऱ्याने एकदा मारून बघितलं आणि हात झटकत म्हणाला, ‘शेठ, यात काहीतरी आहे.’

तोवर बायका जमल्या होत्या. प्रभाशेठना गर्दीत मी दिसलो.

‘मन्या, हे तुझं काम!’

‘पाटे माझे. बाकी यांचं.’

‘अरे, मी तुझं गिऱ्हाईक!’

‘म्हणून तर सांगतो शेठ, मागे घ्या, शेडमध्ये आणा. संध्याकाळपर्यंत वर करून देतो.’

घड्याळात बघत प्रभाशेठ घामाघूम झाले. खाली मांडव घातलेला, पाहुणे बसलेले, बँडवाले वाजवायला लागल्याचा आवाज येत होता. ते चालत गेले असते तर पाच मिनिटांत पोचले असते. पण लोकांनी गाडी लांबून बघायला हवी होती ना.

‘ताई, काहीतरी करा,’ ते सुनंदाला म्हणाले. ‘एवढा आजचा दिवस.’

सुनंदाने शेवंतामावशीकडे बघितलं. मावशीने पदर खोचला.

‘उचला गो बायांनो! आमी पाण्याचे हंडे उचलतंव, हो डबो काय जड आसा?’

आणि त्यांनी उचलली. आधी नातेवाईक उतरवले. त्यांना बाहेर काढायलाच वेळ लागला, कारण गाडी इतकी खाली की वहिनींना दोघींनी हाताला धरून ओढलं. मग बायकांनी पुढचा बंपर धरला, हात घालायला जागा मिळेना म्हणून मडगार्डांच्या कडा धरल्या, आणि गाडीचं तोंड उचलून ब्रेकरपलीकडे ठेवलं. मग सगळ्या मागे गेल्या, बूड उचललं आणि ढकललं. दुबईची चाकं हवेत फिरत होती. मुलं टाळ्या पिटत होती. कोणी तरी खालच्या बँडच्या तालावर नाचायला लागलं. प्रभाशेठ रस्त्याच्या कडेला हार घालून उभे. वरात निघालीय आणि नवरदेवाला कोणी विचारत नाही, असा चेहरा.

‘येताना पण हाक मारा हां शेठ,’ सुनंदा हात झटकत म्हणाली. ‘आम्ही घरीच असतो.’

येताना ते आले नाहीत. लांबच्या रस्त्याने, सगळी टेकडी वळसा घालून गेले. त्या रस्त्यालाही त्यांचेच खड्डे. सायलेन्सर तिथे पडला. पुढे रोज वळसा, रोज काहीतरी गळून पडायचं आणि मेव्हणा ते हातात घेऊन आमच्याकडे यायचा. काही दिवसांनी आमच्या ब्रेकरशेजारी एक पत्र्याचा बोर्ड उभा राहिला. ‘शाळकरी मुलांच्या सुरक्षेसाठी गतिरोधक. सौजन्य: श्री. प्रभाकर घाडगे.’ शेजारी हात जोडलेला फोटो. बायका तो उपटायला निघाल्या होत्या. सुनंदाने अडवलं. म्हणाली, ‘राहू दे. आता हा ब्रेकर त्यांना तोडता येणार नाही.’

त्यांच्या ओळखीची गिऱ्हाइकं मात्र त्यानंतर आमच्याकडे फिरकली नाहीत. गाडी खाली बसवायला आलेल्यांना मी पहिला प्रश्न विचारायला लागलो, ‘राहता कुठे? रस्ता कसा आहे?’ पुष्कळ जण वैतागून दुसरीकडे गेले. इस्माईलभाई म्हणायचा, ‘मन्याभाय, तू धंदा करता है या रिश्ता जोडता है?’

प्रभाशेठ स्वतः आले ते दिवाळीच्या तोंडावर. खांद्यावर हात वगैरे काही नाही. ‘वर कर,’ एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, ‘कंपनीपेक्षा जास्त वर कर. निवडणुकीत सगळीकडे फिरायचंय. मला कुठल्याही खड्ड्याची भीती नको.’

‘पहले साँप, अब ऊँट,’ इस्माईलभाई पुटपुटला.

मी जाड स्प्रिंगा घातल्या, पाट्यांना एक जादा पाटा जोडला. आता ती गाडी पाण्यातून जाताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या माणसासारखी दिसायला लागली. प्रभाशेठना फार आवडली. ट्रायलला त्यांनी मला शेजारी बसवलं आणि गाडी थेट टेकडीवर नेली. तिथून वळवली आणि उतारावर सोडली.

‘आता बघ मन्या, तुझ्या त्या ब्रेकरवरून कशी उडवतो. कळणारसुद्धा नाही.’

‘शेठ, शाळा सुटायची वेळ आहे.’

‘अरे बघ तर.’

गाडीने वेग घेतला. वळण गेलं. चुन्याचे पट्टे दिसले, त्यांच्या पलीकडे निळे-पांढरे गणवेश. आणि सुनंदा. ती रस्त्याच्या मधोमध आली, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हात वर केला. मला ती ओळखत होती, गाडीही ओळखत होती. हात हलला नाही.

प्रभाशेठनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. उंच केलेली गाडी पुढे झुकली आणि त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. सुनंदाने मागे वळून मुलांना खूण केली. ती एकमेकांचे हात धरून, आमच्याकडे बघत, हळूहळू पलीकडे गेली. शेवटचं पोर चप्पल तुटली म्हणून रस्त्यातच थांबलं, चप्पल हातात घेतली, मग गेलं. तोवर सुनंदाचा हात वरच होता.

मग तिने तो खाली घेतला आणि बाजूला झाली. थँक्यू नाही, हसणं नाही.

प्रभाशेठ कपाळ चोळत तिच्याकडे बघत राहिले. इंजिन बंद पडलं होतं.

‘शेठ,’ मी म्हटलं, ‘चालू करा. आणि हळू घ्या.’

त्यांनी हळू घेतली.